कोपरावरची बोटं

चिल्कामार्का,
१२ फेब्रुवारी

युदित पोरी,

बोलते आहे मी, लिहिते आहे नेमेसिया. ती माझी धर्मलेक, बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी मीच तिला धरलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची तिची टाप नाही. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला काय, कोंबडी राखेतून चालत गेली तरी सुंदरच दिसतं. तिला बजावलंय, मी बोलते तेच लिही, शाळेतला मसाला त्यात घालू नकोस.

फोन कर म्हणतेस. इथं फोन लागायचा तर टेकडीवर चढून ओरडावं लागतं, आणि माझा गुडघा दुखतो हे तुझ्याआधी खालच्या मेंढ्यांना कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. पाववाला नदीपलीकडे गाडी उभी करतो, पावाबरोबर पत्रही तारेच्या पाळण्यात बसून येतं. जरा पीठ लागतं, इतकंच.

पाळण्यावरून आठवलं. परवा तार मध्येच अडकली आणि शाळेतल्या मुली नदीवर लोंबकळत राहिल्या. खाली नदी अशी तांबडी की तिच्याकडे बघवत नव्हतं. पोरींनी गाणी म्हटली, आम्ही काठावर पुटपुटत होतो. ओढून घेतल्या शेवटी. तर पुलाचं बघ. गावानं तुला नगरपालिकेवर निवडून दिलं ते तुझ्या गोड गळ्यासाठी नव्हे.

आणि माझा फोटो कुठाय? शपथेच्या दिवशी चौकात काढला तो. तुझ्या छातीवर पट्टा आणि पदक, शेजारी मी नव्या टोपीत, काखेत गाठोडं. त्यातल्या भाजलेल्या कुईचा पाय बाहेर आला होता, हे तो फोटोवाला मला सांगत होता, पण मी म्हटलं राहू दे, तीही बाकीच्या गिनीपिगांबरोबर आपल्या चुलीमागेच वाढली आहे, तिलाही येऊ दे फोटोत. भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय. रिकाम्या खिळ्याला लोक काय काय लटकवून जातात.

ऐकलं की नगरपालिकेनं तुम्हा सगळ्यांना एकेक काचेची पाटी दिली आहे. जपून वापर. तुझ्या आजोबांकडे गावच्या कारभाराची काठी होती तेव्हा मी तिच्याजवळ ओला हातसुद्धा नेत नसे.

तुझी आजी
सातुर्निना

*

सांता रोसेंदा,
२० फेब्रुवारी

प्रिय आजी,

पत्र मिळालं, पीठ झटकून वाचलं. नेमेसिया, तुला सलाम.

ती पाटी नाही, टॅब आहे. सभेचे सगळे कागद आता त्यातच येतात. तो माझा नाही, नगरपालिकेचा आहे, आणि त्याची नियमावली आहे. घरच्या कामाला वापरायचा नाही, घरच्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. सभा चालू असताना विषयपत्रिकेचे कागद सोडून दुसरं काही उघडायचं नाही. त्यातलं काही पुसायचं नाही, कारण उद्या एखाद्या नागरिकानं मागितलं तर उघडून दाखवावं लागतं. मुद्दे समजून घेऊन मी सही केली आहे. बाकीच्यांनी न वाचताच केली. त्यातल्या एकाचा नातू आत्ताच त्याच्यावर गाड्या पळवतो.

आजोबांच्या काठीची आठवण काढलीस, बरं वाटलं. मीही तसंच मानते.

पुलाचा विषय येत्या सभेत आहे. पैसा एकाच कामापुरता आहे. नगराध्यक्षांना चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं हवं आहे. आम्ही पाच जण हात वर करून ठरवणार. दोघं पुलाकडे, दोघं कारंज्याकडे, म्हणजे माझ्या हातावर आहे. काळजी करू नकोस. ग्रिमाल्दोकाकांना आणि इतरांना सभेला यायला सांग, मागच्या बाकांवर बसता येतं.

फोटो छापून यायला वेळ लागतो आहे. यंत्र बिघडलं आहे म्हणतात.

तुझी
युदित

*

चिल्कामार्का,
५ मार्च

युदित,

आपली माणसं काल परत आली. गावाचा अध्यक्ष म्हणून ग्रिमाल्दो पुढे, बाकीचे मागे. एकेक करून पाळण्यातून उतरले. मी मका सोलत बसले होते. विचारलं, पूल कधी? ग्रिमाल्दोनं टोपी काढली. माझ्यासमोर तो टोपी काढतो म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं.

तो म्हणाला, “सातुर्निनाआई, तुमच्या युदितनं कारंज्याला हात वर केला.”

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. म्हणाला, आम्हाला वाटलं चुकून झालं असेल, आम्ही मागून टोप्या हलवल्या, तिनं आमच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

आता धुणं धुवायला गेले की बायका गप्प होतात. मी गेल्यावर पाण्याचा आवाज केवढा मोठा येतो ते कळलं मला. एक म्हणाली, खालच्या शहरवाल्यांनी तिला उंच टाचांचे बूट दिले असतील. मी म्हटलं, तिचे पाय माझ्यासारखे आहेत, टाचेवर उभी राहिली तर नाकावर पडेल. हसल्या त्या. पण ते हसू माझ्या बाजूचं नव्हतं.

मी तुझी बाजू घेतली, हे सांगून ठेवते. म्हटलं, माझी नात कागद वाचते, तुम्ही वाचलेत का? असेल काही कारण. त्या जागी खडक कच्चा असेल. काय कारण होतं ते मला लिही, म्हणजे मी खरं बोलले असं होईल.

फोटोचं यंत्र सुधारलं का?

आजी

*

सांता रोसेंदा,
१२ मार्च

प्रिय आजी,

तू सांगितलंस तसंच आहे. खडकाचा प्रश्न आहे. तांत्रिक अहवाल अजून यायचा आहे आणि त्याशिवाय पुलाला पैसा देणं योग्य ठरलं नसतं. गावकऱ्यांना हे समजावून सांगणं कठीण आहे, पण तू चांगलं सांगितलंस.

इथं काम फार आहे. ईस्टरला येणं जमेल असं वाटत नाही. फोटोचं अजून काही नाही.

गुडघ्याला नीलगिरीची पानं बांध.

युदित

*

चिल्कामार्का,
१९ मार्च

पोरी,

तुझं पत्र नेमेसियानं मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ऐकलं तरी तेवढंच होतं.

खडक मी बोलले तो तोंडाला आला म्हणून. मी काय नदीच्या तळाशी जाऊन आले होते? तू तोच खडक उचललास आणि मला परत पाठवलास. तुझी आई लहानपणी असंच करायची. ‘मांजरानं दूध सांडलं का गं?’ असं मी विचारलं की ती म्हणायची, हो, मांजरानं. आपल्याकडे मांजर नव्हतं.

आता पुढचं ऐक आणि रागावू नकोस. रागावलीस तरी झालंय ते झालंय.

रविवारी गावसभा झाली. तुझं नाव निघालं. कोण काय म्हणालं ते सांगत नाही, त्यांची चूल माझ्या चुलीला लागून आहे.  मग मी उभी राहिले आणि आजोबांची गोष्ट सांगितली. तुला ठाऊक आहे ती. शेजाऱ्याचं डुक्कर आपल्या बटाट्यात शिरलं आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी गावच्या काठीनं त्याला हाकललं. चांदीची कडी लावलेली काठी, लग्नं लावणारी, भांडणं मिटवणारी, आणि ती डुकराच्या पाठीवर. सगळ्या गावानं पाहिलं. पुढच्या रविवारी त्यांनी ती सभेत लोकरीच्या चादरीवर ठेवली, टोपी काढली आणि उभे राहिले. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणून घेतलं. डुकराच्या मालकाचं तर संपेचना. मग काठी परत हातात दिली. त्या दिवसानंतर त्यांना कुणी डुकरावरून बोललं नाही. माझ्याशिवाय.

तर मी सभेला म्हटलं, तिच्याकडे काठी नाही, पाटी आहे. तीही गावाचीच आहे, तिनंच मला तसं लिहिलंय. कुणीही मागितली तर उघडून दाखवायची असा कायदा आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी माझी नात येईल, पाटी चादरीवर ठेवेल, आणि त्या दिवशी हात का वर गेला ते त्यात जे काही असेल त्यावरून तुम्हीच बघा.

सगळ्यांना पटलं. ग्रिमाल्दोनं मला हात धरून बसवलं.

मी शब्द दिलाय, युदित. या वयात माझ्याजवळ दुसरं काय आहे द्यायला?

आजी

*

सांता रोसेंदा,
२४ मार्च

आजी,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी मी रागावले. मग नियमावली काढून बसले. टॅब शहराबाहेर न्यायला बंदी आहे का, गावसभेच्या लोकांना दाखवायला हरकत आहे का, कुठंतरी एखादं वाक्य सापडेल म्हणून शोधलं. सापडलं नाही. सगळी वाक्यं तुझ्याच बाजूची आहेत.

ऑफिसातला एक जण म्हणाला, त्यात काय, एक बटण दाबलं की सगळं कोरं होतं, नव्यासारखं. कुणी विचारलं तर बिघडला होता म्हणायचं. त्यानं दाखवलंही. मी बोट ठेवलं होतं त्यावर. अजून दाबलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे, की लिहून झाल्यावर दाबता येऊ नये.

खडक नव्हता. अहवालही नव्हता. मला पूल हवा होता, त्यासाठीच मी सभेला गेले होते. विषय आला तेव्हा माझं लक्ष नव्हतं. मी टॅबवर दुसरंच करत होते. नगराध्यक्षांनी विचारलं, कारंज्याच्या बाजूनं कोण? शेजारचे दोन हात वर गेले आणि मीही केला. सगळे वर करताहेत असं वाटलं. मान उचलली तर मागच्या बाकावर ग्रिमाल्दोकाका टोपी हलवत होते. तेव्हाच उभं राहून म्हणायला हवं होतं की चुकलं. पण मग विचारलं असतं, तुमचं लक्ष कुठं होतं? लिपिकानं नोंद केली आणि मी बसून राहिले.

ठराव पुन्हा विचारात घ्या असा अर्ज करता येतो. त्यात कारण द्यावं लागतं. म्हणून इतके दिवस केला नाही.

नेमेसिया, इथून पुढचं तू वाचावंस की नाही ते मला कळत नाही.

आजी, मी तुझा फोटो उघडला होता. आम्हा सगळ्यांचे घरच्यांबरोबरचे फोटो नगरपालिकेच्या पानावर लावणार होते. इतरांच्या घरच्या बायका पार्लरमध्ये जाऊन आलेल्या. आपल्या फोटोत तुझ्या टायरच्या चपलांना चिखल आहे आणि गाठोड्यातून तो पाय. टॅबवर फोटोतल्या माणसावरून बोट फिरवलं की माणूस जातो आणि मागची भिंत पुढे येते. आधी तुझी टोपी गेली. मग गाठोडं, मग चपला, मग चेहरा. तू माझं कोपर धरलं होतंस. ती बोटं जाईनात, कारण त्यांच्यामागे भिंत नव्हती, माझी बाही होती. मी ती बोटं घासत होते. तेव्हा पुलाचा विषय चालू होता.

फोटो यंत्रामुळे अडला नव्हता.

युदित

*

चिल्कामार्का,
२७ मार्च

युदित,

हे मी माझं लिहिते आहे, माझ्या धर्ममाता, माद्रिना, शेजारी झोपल्या आहेत.

तू माझं नाव लिहिलंस तिथपर्यंत वाचलं. पुढे मनात वाचत गेले आणि तोंड बंद झालं. मी सांगितलं, पुढचं पीठ लागून खराब झालंय, अक्षर लागत नाही. त्या ‘बरं’ म्हणाल्या.

आपण एका बाकावर शिकलो. शाळा सुटल्यावर गरम बटाटे घेऊन फाटकापाशी कोण उभं असायचं ते तुला आठवत असेल. मला दोन मिळायचे, तुला एक, कारण मला आई नव्हती.

आजवर त्यांचं सगळं बोलणं मी लिहिलं आणि तुझं सगळं वाचलं. हे मात्र माझ्या तोंडून त्यांच्या कानात जाणार नाही. तू ये आणि तुझ्या तोंडानं सांग.

नेमेसिया

*

चिल्कामार्का,
४ एप्रिल

युदित पोरी,

नेमेसिया लिहायला बसली आहे, पण आज कागदाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघते आहे. तिला म्हटलं, लिही बाई, मी काही मरत नाहीये.

तुला वाटत असेल की रविवारी मी काही बोलले नाही म्हणजे मला फार लागलं. लागलंच. पण मी गप्प होते ते त्यामुळे नव्हे, दातात मका अडकला होता म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलंय, तूही तसंच सांग. आपल्या घरात एक मांजर असलेलं बरं.

नेमेसियानं पत्र अर्ध्यात थांबवलं तेव्हा मी कागदावरून हात फिरवला होता. कोरडा, साफ. आणि हिचं नाक वाजत होतं. पुलासाठी नेमेसिया रडत नाही. एवढं कळलं की पुढे जे आहे ते माझ्याबद्दल आहे. पण काय, ते नाही कळलं. वाटलं, आजारी असेल. वाटलं, पोटुशी असेल. देवाला विचारत राहिले. जे होतं ते मात्र सुचलं नाही, इतकी काही मी हुशार नाही.

मग तू आलीस. पाळण्यातून उतरलीस तेव्हा पाटी पोटाशी धरली होतीस, तान्ह्या पोरासारखी. चादरीवर ठेवलीस. आणि टोपी काढायची तर तुझ्याकडे टोपीच नाही. शहरात गेल्यापासून बोडक्या डोक्यानं फिरतेस. अगं, लाज वाटून घ्यायलासुद्धा टोपी लागते. नेमेसियानं तिची दिली, तू डोक्यावर ठेवलीस आणि काढलीस. तेवढ्यात सुद्धा मागे कुणीतरी हसलं. मी बघून ठेवलंय कोण ते.

पुलाचं तू नीट सांगितलंस. लक्ष नव्हतं, चुकून हात गेला, कळूनही गप्प बसले. लोक कुजबुजले पण ऐकून घेतलं. मग ग्रिमाल्दोनं विचारलं, लक्ष कुठं होतं? तू माझ्याकडे बघितलंस. सभेकडे नाही, माझ्याकडे.

“मी आजीला पुसत होते.”

कुणाला कळेना. म्हातारा बेनिग्नो विचारायला लागला, कशानं पुसत होती, आजीला काय झालंय? तू पाटी उघडलीस.

हातोहात फिरत ती माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागला. प्रत्येक जण आधी तिच्यात बघायचा, मग माझ्याकडे, मग आपल्या पायांकडे. मला अक्षर वाचता येत नाही, फोटो येतो. मी मला शोधलं. भिंत होती. चांगली रंगवलेली आहे भिंत, मी तिच्यापुढे उभी होते तेव्हा कळलं नव्हतं. कुईसुद्धा गेली, बिचारी. तिनं तर काहीच केलं नव्हतं.

मग एक गोष्ट झाली, ती सांगते. मी माझे पाय परकराखाली ओढून घेतले. या पायांनी मी तुला पाठीवर बांधून डोंगर चढले, देवळात गेले, तुझ्या शपथेला आले, कधी कुणापुढे लपवले नाहीत. आणि त्या दिवशी आपल्याच गावात, आपल्याच माणसांत, आपोआप आत ओढले गेले. त्याची लाज वाटली मला. तुझी नव्हे, माझी. मग चांगले लांब करून बसले. तू पाहिलंस की नाही ठाऊक नाही.

लोकांनी तुला फारसं बोलून घेतलं नाही. डुकराच्या वेळी किती बोलले होते. डुकराबद्दल बोलता येतं. तू उभी राहिलीस, देवळाची सावली तुझ्या पायांवर आली, मग चादरीपर्यंत आली. शेवटी ग्रिमाल्दोनं पाटी चादरीत गुंडाळून तुझ्या हातात दिली, आजोबांच्या हातात काठी दिली तशीच, दोन्ही हातांनी. म्हणाला, पुन्हा पूल मांड, आणि इथं सांगितलंस तेच तिथं सांग. तू अर्ज आधीच दिला आहेस हे त्याला तू सांगितलं नाहीस. मला नेमेसियानं सांगितलं, तुझ्या पिशवीत तिला त्याची प्रत दिसली म्हणे. कारणाच्या जागी तू सगळं लिहिलं आहेस, माझ्या चपलांसकट. बरं केलंस. चिखल होता हेही लिहिलंस का? पावसाळा होता, तेही लिही.

जाताना तू म्हणालीस, आजी, मूळचा फोटो आहे अजून, तुझ्यासकट, तो छापून पाठवते. तेव्हा मी बोलले नाही. आता बोलते. पाठव. खिळा वाट बघतोय. त्यावर सध्या ग्रिमाल्दोचा लगाम लटकतो.

पण दुसराही छापून घे. भिंतीचा. तो मला नको, तुझ्याकडे ठेव. सभेत बसतेस तिथं समोर ठेवता येत असेल तर ठेव. पाटीत ठेवायचा असेल तर नियम बघून ठेव. त्यात काही सुधारू नकोस. बोटं आहेत तशीच राहू देत.

गुरुवारी सभा आहे म्हणतेस. पुलाला हात वर करशील. मी नेमेसियाला विचारलं, फोटोत मी कुठल्या बाजूला उभी होते? उजव्या, म्हणाली. म्हणजे तोच हात. वर नेताना जरा जड लागेल.

लागू दे.

आजी